मागे पाणी असलेलं घर

आशालताबाईंचं पत्र निळ्या आंतरदेशीय कागदावर होतं. असा कागद अजून मिळतो हेच मला ठाऊक नव्हतं. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं, सुटं आणि सरळ. मजकूर जेमतेम अर्ध्या पानाचा. त्यांना घर आवडलं होतं, यजमानांना तितकंसं आवडलं नव्हतं, आणि त्यांचा एकच प्रश्न होता.

‘तुमच्या घरामागे जे पाणी आहे ते जिवंत आहे का? म्हणजे त्याला खालून झरे आहेत, की नुसतं पावसाचं साचलेलं आहे? साचलेलं असेल तर घर घेतल्यावर ते बुजवू, असं हे म्हणतात. जिवंत असेल तर मी बुजवू देणार नाही. तुम्ही जे लिहाल ते मी खरं धरीन.’

शेवटच्या वाक्याशी मी अडलो. मला उत्तर ठाऊक नव्हतं. पत्र फेब्रुवारीत आलं. मी ते शब्दकोशाच्या पानांत ठेवलं, रोज काढून वाचलं आणि परत ठेवलं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, ईस्टर होऊन गेला. इतके दिवस उत्तर न दिलेल्या माणसानं आता कोणत्या तोंडानं लिहावं, असं वाटू लागलं आणि मग तेही एक कारण झालं.

माझा जन्म या घरातला, वसईजवळच्या गिरीजचा. मुंबईच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त होऊन इथंच राहिलो. घरामागे बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतल्या केळीला, भाजीला पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेलं तळं. आमचं कोणी खणलं, केव्हा खणलं, हे कोणी सांगू शकत नाही. जन्मभर मी त्याच्या काठी राहिलो आणि त्याच्या तळाशी काय आहे ते मला माहीत नव्हतं. शेवटचा गाळ काढला गेला तेव्हा मी शाळेत होतो. सारी आळी चिखलात उतरली होती आणि मी माळ्यावर पुस्तक वाचत बसलो होतो. खाली आलो तेव्हा पाणी परत भरलं होतं. ज्यांनी ते पाहिलं ती माणसं आता पापडीच्या दफनभूमीत आहेत.

पलीकडच्या वाडीतल्या फ्लॉसीबायला मी विचारून पाहिलं होतं. ती माझ्याहून मोठी, पण लग्न होऊन आळीत आली ती त्या गाळानंतर.

“जिवंत आहे की मेलेलं, ते बघून तुला काय करायचंय?” ती म्हणाली. “माझ्या विहिरीला पाणी आहे, केळीला पाणी आहे. तू पुस्तकात बघ.”

पुस्तकात मी बघितलं होतं.

घर विकायचं ठरलं ते सालोमी गेल्यावर. माझी बायको होती तोवर मला घर केवढं आहे हे कळलं नव्हतं. नंतर एकदा मी न्हाणीघरात घसरलो आणि बराच वेळ तसाच पडून राहिलो. आमची मुलगी कॅरल पुण्याला असते. ती त्या दिवशी रात्रीपर्यंत फोन करत होती. त्यानंतर तिनं काही ऐकलं नाही. हे घर विकायचं, पुण्यात तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा आणि त्यात एक खोली माझी, पुस्तकांसकट. मला ते पटलं होतं. एकट्यानं पडून राहण्याची भीती मलाही बसली होती.

जुनं घर कोणी घर म्हणून घेत नाही, नुसत्या जागेचा भाव देतात, असं जावयाचं म्हणणं. म्हणून घर नवं केलं. कौलं उतरली, स्लॅब पडला, चकचकीत पांढऱ्या टाइल्स आल्या. स्वयंपाकघराला ओढून सोडली की आपोआप बंद होणारी कपाटं आली. त्या ओट्यावर मी चहासुद्धा करत नव्हतो. घेणाऱ्यांना कोरं दिसायला हवं, म्हणून ओसरीवर स्टोव्ह ठेवून तिथंच माझं चाललेलं असे.

आणि घर विकेना.

हर्षवर्धन नावाचा विरारचा एक तरुण दलाल गिऱ्हाइकं आणायचा. मुलगा मनानं चांगला. “अंकल,” तो मला शिकवायचा, “फर्स्ट व्हिजिटला मागचा दरवाजा उघडायचाच नाही. आधी किचन दाखवायचं. किचन बघून लेडीज खूश झाल्या की मग हळूच मागचं.”

पण मागचं दाखवावं लागायचंच. एका बाईनं पाणी पाहिलं, कडेला उभ्या मुलीला उचललं आणि आळीच्या तोंडाशी गाडीत बसेपर्यंत खाली ठेवलं नाही. गाडी दारापर्यंत येत नाही, हा आणखी एक दोष. एक गृहस्थ मोबाइलवर होकायंत्र घेऊन आले होते. नैर्ऋत्येला पाणी म्हणजे घरात माणूस टिकत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी इथं सत्तरहून जास्त वर्षं टिकलो आहे, हे उत्तर मला ते गेल्यावर सुचलं.

कुंपणाच्या कोपऱ्याला आळीचा क्रूस आहे. मे महिन्यात संध्याकाळी तिथं सगळे प्रार्थनेला जमतात. बोरिवलीच्या एका साहेबांनी विचारलं, “प्रार्थना मोठ्यानं असते का?”

मी शब्द जुळवत होतो. फ्लॉसीबाय कुंपणापलीकडे मेथी काढत होती. ती न उठताच म्हणाली, “देव बहिरा नाही साहेब. पण आम्ही आहोत.”

ते परत आले नाहीत.

शिवाय आमच्या भिंतीला लागून बावखलाकडे जाणारी वाट आहे. तिच्यावरून आळीतलं कोणीही केव्हाही जातं. ऑगस्टमध्ये डास असतात. बेडूक इतके ओरडतात की रेडिओ ऐकू येत नाही. हे सगळं आशालताबाई आणि त्यांचे यजमान शांतारामराव आले तेव्हा त्यांनी पाहिलं होतं, किंवा मी अडखळत सांगितलं होतं. शांतारामरावांनी प्रत्येक दोषाला मान हलवली होती. आशालताबाई मात्र पायरीवर चप्पल काढून पाण्याशी उतरल्या, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि ते परत सोडून दिलं. मग आठवड्यानं पत्र.

एप्रिल संपता संपता हर्षवर्धननं पक्की पार्टी आणली. अंधेरीचे कोणी, शनिवार-रविवार राहायला घर हवं असलेले. किचन पसंत, भाव पसंत. अट एकच होती. मागचं तळं बुजवून, सपाट करून द्यायचं. तिथं त्यांना हिरवळ आणि गाडी ठेवायला जागा हवी होती.

“सगळे बुजवतात अंकल,” हर्षवर्धन म्हणाला. “तुमच्या गावात आधी किती होती, आता किती राहिलीत, तुम्हीच मोजा. पंपानं उपसू, डंपरनं भरणी करू. दोन दिवसांचं काम.”

कॅरलनं फोनवर हो म्हटलं. मीही हो म्हटलं. मी बहुतेक गोष्टींना हो म्हणतो. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि माझं कारण काय होतं? एका बाईनं विचारलेला प्रश्न, ज्याचं उत्तर मला देता आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आगाशीचा श्रीपत डिझेल पंप घेऊन आला. सोमवारी डंपर यायचे होते. उपसलेलं पाणी आजूबाजूच्या वाड्यांत सोडायचं ठरलं होतं. पंप धडधडायला लागला तसा मी आत येऊन खुर्चीत बसलो. सालोमीच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टर खोलीत आले की मी असाच बाहेर बसायचो.

थोड्याच वेळात मागच्या दारावर थाप पडली. फ्लॉसीबाय होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कोयता. आमची बोली मला कागदावर नीट उतरवता येत नाही, म्हणून तिचं बोलणं साध्या मराठीत लिहितो.

“रुडॉल्फ,” ती म्हणाली, “तू गाळ काढतोयस.”

मी तोंड उघडलं.

“मला वाटलंच नव्हतं तू काढशील. तुझ्या बापानं काढला, त्यानंतर कोणाची छाती झाली नाही. आणि हा गप्प बसून पंप आणतो. सांगायचं तरी होतंस.”

“पण फ्लॉसीबाय…”

“पण काय?”

ती माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या नजरेत मान होता.

“पण… ऊन फार आहे,” मी म्हणालो.

“मे महिन्यात ऊन नाही तर काय दहिवर पडणार?” ती वळली आणि वाटेवरून ओरडत गेली, “जॉन, फावडी काढ. रुडॉल्फकडे गाळ आहे.”

पुढचं सगळं माझ्या हातून निसटत गेलं. जॉन हा फ्लॉसीबायचा मुलगा. तो बँकेत आहे आणि शनिवारी घरी होता. तो फावडी घेऊन आला. त्याच्यामागून पलीकडचे आले, त्यांच्यामागून त्यांच्या पलीकडचे. बावखल उपसलं म्हणजे गाळ काढायचा, गाळ काढला म्हणजे वाडीला घालायचा, हे आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. आणि उपसलेलं बावखल कोणी बुजवणार असेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या आळ्यांत बुजवली होती खरी, पण ती तशीच पाण्यात माती ढकलून. बुजवण्याआधी शिस्तीत पाणी उपसणारा मीच पहिला. तेही हर्षवर्धनच्या सांगण्यावरून.

दुपारपर्यंत पाणी गुडघाभर राहिलं. मरळ मासे चिखलात उड्या मारायला लागले आणि आळीत हसणं सुरू झालं. जॉननं एक मासा दोन्ही हातांनी धरला, तो त्याच्या शर्टात शिरला.

“बँकेतसुद्धा असंच सांभाळतोस का रे?” कोणीतरी विचारलं.

“बँकेत इतकं निसरडं काही नसतं,” तो म्हणाला. “फक्त मॅनेजर.”

गाळाची एक रीत होती. ती मी आईकडून ऐकली होती, पाहिली कधी नव्हती. ज्याची वाडी पाण्यापासून सगळ्यांत लांब, त्याला पहिलं घमेलं. मग त्याच्या अलीकडच्याला. काठावरच्याला शेवटी. कोणी सांगितलं नाही तरी रांग तशीच लागली. माणसांची ओळ तळापासून काठापर्यंत आणि काठापासून वाटेवर. काळी, जड, चमकणारी घमेली हातातून हातात जात होती. चिखलाला वास होता. कुजका नाही. पाऊस थांबल्यावर केळीच्या बुंध्याशी येतो तसा.

दुसऱ्या रीतीची फ्लॉसीबायनंच मला आठवण करून दिली. “पेज कोण घालणार?”

“पेज?”

“ज्याचं बावखल त्याच्या घरची पेज. इतकी माणसं उपाशी राबवणार आहेस?”

माझ्याकडे एक स्टोव्ह आणि चहाचं भांडं होतं. मी तसं म्हणेपर्यंत चार बाया मागच्या दारानं आत शिरल्या होत्या. चिखलाचे पाय पांढऱ्या टाइल्सवर उमटत गेले, आणि त्या कोऱ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा जाळ पेटला. तांदूळ कोणाच्या तरी घरून आले, सुका जवळा कोणाच्या तरी. एकीनं कपाट ओढलं, सोडलं, ते आपोआप हळूच बंद झालं. तिनं परत ओढलं.

“सालोमी असती तर दिवसभर हेच करत बसली असती,” ती म्हणाली.

ते खरं होतं. मला हसू आलं आणि मी बाहेर गेलो.

मला सांगता आलं असतं. शनिवारी संध्याकाळी क्रुसाजवळ प्रार्थनेला सगळे होते. पाठदुखी सांगत होते, हातांना तेल चोळत होते. फ्लॉसीबायनं प्रार्थनेच्या शेवटी माझं नाव घेतलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजतो आहे.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सगळे परत आले. आता छातीइतका गाळ निघाला होता आणि खाली पायऱ्या दिसायला लागल्या. मला माहीत असलेल्या पायऱ्या पाच-सहा. त्यांच्या खाली आणखी होत्या. काळ्या दगडाच्या, कडा न झिजलेल्या. जणू कालच घडवल्या होत्या. त्या वळत वळत खाली जात होत्या. मी काठावर उभा होतो आणि मला कळेना की हे आमचंच का. माझ्या खोलीच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर हे होतं. मी त्या खिडकीत बसून दूरदूरच्या देशांची पुस्तकं वाचली.

“उतर खाली,” फ्लॉसीबाय तळातून म्हणाली. “आयुष्यभर पुस्तकं चाळलीस, आता चिखल चाळ.”

मी पँट दुमडली. जॉननं हात दिला. न्हाणीघरात घसरलेला मी, त्या ओल्या पायऱ्यांवरून एकेक पाऊल टाकत खाली गेलो. खाली गारवा होता. वर मे महिन्याचं ऊन आणि इथं एखाद्या चर्चमध्ये असतो तसा गारवा. आवाजही वेगळा होता. माणसं हळू बोलत होती. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एका दगडाआड कासव निघालं, परातीएवढं. त्यानं डोकं बाहेर काढून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. घाबरलेलं दिसलं नाही. दोघांनी उचलून त्याला फ्लॉसीबायच्या वाडीतल्या हौदात नेऊन ठेवलं.

मग गाळ संपला. फावडं एकदम खरखरलं. खाली वाळू होती, पांढरी, बारीक, समुद्राच्या वाळूसारखी. जॉन थांबला. सगळेच थांबले. ती वाळू हलत होती.

मी चष्मा पुसला. भाताला आधण आल्यावर तांदूळ जसे खालून वर येतात, फिरतात, परत खाली जातात, तशी वाळू हलत होती. एका जागी, मग तिच्यापासून थोडं दूर दुसऱ्या जागी, मग पायरीच्या अगदी खाली तिसऱ्या. पाणी येत होतं. आवाज नव्हता. इतकं स्वच्छ होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसती वाळूची हालचाल दिसत होती. आणि मग पावलांना गार लागायला लागलं.

फ्लॉसीबायनं क्रुसाची खूण केली. ती वाकली, ओंजळ भरली, प्यायली आणि ओंजळ माझ्यापुढे धरली. मी तिच्या हातातून प्यायलो. समुद्र इथून किती लांब? वाऱ्याची दिशा बदलली तर खारा वास येतो. आणि हे पाणी गोड होतं.

त्या वाळूखाली किती पाणी असेल, ते कुठून चालत येत असेल, याचा मी विचार करू लागलो आणि माझा विचार पुरेना. मी घराच्या दोषांत त्याची गणना करत होतो. माणसांना ते दाखवताना माफी मागत होतो.

“पप्पा.”

वर काठावर कॅरल उभी होती. भरणीच्या आधी एकदा बघून जावं म्हणून ती पुण्याहून आली होती. तिच्याशेजारी हर्षवर्धन. त्याची नजर अजून स्वयंपाकघराच्या दाराकडे होती.

“अंकल, टाइल्स,” तो म्हणाला. “टाइल्सची काय हालत केली.” मग त्यानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “हे कुठून येतंय? याचा कॉक कुठे असतो?”

जॉननं बोट आभाळाकडे केलं.

कॅरल सँडल काढून खाली आली. तिनं हलणारी वाळू पाहिली, तिच्यात हात घातला, काढला, परत घातला. लहानपणी ती नवीन पुस्तकाला असाच हात लावायची.

“तुम्ही यांना सांगितलं नाही?” तिनं मला हळूच विचारलं.

“नाही.”

“काय सांगितलं नाही?” फ्लॉसीबायचा कान बहिरा नाही. तो तिला हवा तेव्हा होतो.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मला भाषण येत नाही. ग्रंथालयात मी पंचवीस वर्षं फक्त ‘शांतता’ एवढाच शब्द म्हटला, तोही बोटानं.

“फ्लॉसीबाय,” मी म्हणालो, “मी गाळ काढायला पंप आणला नव्हता. उद्या डंपर येणार आहेत. मी हे बुजवणार होतो.”

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. फ्लॉसीबाय खालच्या पायरीवर बसली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

“मग काल का बोलला नाहीस?”

“तुम्ही फावडी घेऊन आलात.”

“अरे, फावडी घेऊन आलो, बंदुका नव्हे.”

मागे कोणीतरी हसलं. जॉननं विचारलं, “आता, अंकल?”

“आता कसं बुजवू?” मी म्हणालो.

“तू नाही बुजवणार,” फ्लॉसीबाय म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. “पण घेणारा बुजवेल. तू सही केलीस की तुझं तोंड बंद. तसंही ते कधी उघडतं?”

ती उठली, पदर झटकला आणि वर गेली. सगळे एकेक करून वर गेले. पेज झाली होती. ती मात्र कोणी नाकारली नाही. मी वाढत होतो आणि माझ्या हातून पेज खाताना कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

सगळे गेल्यावर ओसरीवर आम्ही तिघं उरलो. हर्षवर्धननं अंधेरीच्या पार्टीचं सांगितलं. त्यांना तळं चालणार नाही, विचारायचीही गरज नाही. तळं ठेवलं तर भाव पडणार आणि वेळ लागणार.

“त्यांना नाही म्हणून सांग,” मी म्हणालो. “डंपरवाल्यालाही. आणि यापुढे जो येईल त्याला आधी मागचा दरवाजा उघडायचा. मग किचन.”

त्यानं कॅरलकडे पाहिलं. कॅरल माझ्याकडे बघत होती.

“आणि तुमची खोली, पप्पा? मी तो फ्लॅट किती दिवस धरून ठेवू? तुम्ही परत पडलात तर?” तिचा आवाज भरून आला होता. “मी त्या दिवशी फोन करत होते आणि तुम्ही उचलत नव्हता. ते पाणी मीसुद्धा पाहिलं. मला काही वाटलं नाही असं समजू नका. पण ते पाणी तुम्हाला उचलायला येणार नाही.”

तिचं बरोबर होतं. मी आत गेलो, शब्दकोश उघडला आणि पत्र आणून तिच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं. मग पाठची तारीख पाहिली.

“फेब्रुवारी?”

“मला उत्तर माहीत नव्हतं.”

“आणि आता तीन महिने झाले. त्यांनी दुसरं घर घेतलं असेल.”

“असेल.”

“फोन करा ना. इथं नंबर आहे.”

“त्यांनी पत्र लिहिलं होतं.”

कॅरल डोळे पुसता पुसता हसली. “लिहा,” ती म्हणाली. “उद्या दुपारी मी निघणार आहे, त्याआधी लिहून द्या. पुन्हा डिक्शनरीत ठेवलेलं मला चालणार नाही.”

सकाळी मी मागे गेलो. पाणी छातीभर झालं होतं, आणि तरीही तळाची वाळू दिसत होती, हलताना दिसत होती. वाटेवर फ्लॉसीबाय उभी होती, कासव हौदातून परत आणून सोडायला. जॉन आणि ती ते धरून उतरले. माझ्याशी ती बोलली नाही. पण एका हातानं कासवाची बाजू धर अशी खूण केली, आणि मी धरली.

मग बसून लिहिलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर असं लिहिलं:

‘आशालताताईंना नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला. पाणी जिवंत आहे. मी तळापर्यंत उतरून पाहिलं, तीन झरे आहेत, कदाचित जास्त असतील. पाणी गोड आहे.

घरात पुढील उणिवा आहेत, त्यांतल्या काही तुम्ही पाहिल्या आहेत. गाडी दारापर्यंत येत नाही. भिंतीलगतच्या वाटेवरून आळीची माणसं पाण्याला जातात, ती वाट बंद करता येणार नाही. कोपऱ्यावर क्रूस आहे, मे महिन्यात प्रार्थना मोठ्यानं होते. पावसाळ्यात डास असतात आणि बेडूक. पाणी नैर्ऋत्येला आहे. स्वयंपाकघर आता कोरं राहिलेलं नाही, चाळीसेक माणसांची पेज तिथं झाली, आणि टाइल्सच्या सांध्यांत बसलेला चिखल पूर्ण निघत नाही. शेजारीण तोंडाची तिखट आहे.

घर जो घेईल त्यानं बावखल बुजवू नये, असं मी कागदपत्रांत लिहून घेणार आहे. त्यामुळे भाव कमी येईल, तो मला मान्य आहे. शांतारामरावांना हे सगळं वाचून दाखवावं. तुम्ही दुसरं घर घेतलं असेल तरीही एकदा येऊन पाहून जा. मी काही दिवसच इथं आहे. त्या पाण्याकडे बघायला कोणी तरी हवं असं मला वाटतं. रुडॉल्फ.’

शेवटचं वाक्य खोडावं का, यावर मी बराच वेळ विचार केला. कॅरलनं गाडीचा हॉर्न आळीच्या तोंडाशी दोनदा वाजवला, म्हणून ते तसंच राहिलं.

पापडीच्या पोस्टाजवळ तिनं गाडी थांबवली. मी पत्ता तपासला, पिनकोड तपासला, तिकीट अंगठ्यानं दाबून पाहिलं. कॅरल गाडीतून बघत होती. मी पत्र पेटीत टाकलं.